आधीं कोणीं बोलावें?

विदर्भांत उतरल्यावर वैनगंगा सामान्यतः दक्षिणेकडे वाहते. परंतु चामोर्शी तालुक्यांतील मार्कंडा या क्षेत्रीं ती जराशी वळून उत्तरवाहिनी होते, आणि त्या वळणाच्या कांठींच मार्कंडेय ऋषींच्या नांवानें प्रसिद्ध असलेला देवळांचा समूह उभा आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनीं १८७३ ते १८७५ या काळांतील आपल्या दौऱ्यांत हीं देवळें पाहून त्यांची नोंद करून ठेविली. त्या वेळीं हा मुलूख चांदा जिल्ह्यांत होता. १९८२ पासून तो गडचिरोली जिल्ह्यांत मोडतो. येथील शिल्पाविषयीं लिहूं गेल्यास हा सबंध अंक पुरणार नाहीं, आणि प्रस्तुत लेखाचा तो विषयही नव्हे. महाशिवरात्रीच्या जत्रेस आम्ही गेलों असतां एका अगदीं आधुनिक कोड्याचा उलगडा आम्हांस नदीच्या उतारावर झाला, तो वाचकांस सांगावा एवढाच आमचा हेतु आहे.

आमचे मावसबंधू चामोर्शीस असतात. तीन पिढ्या एकत्र, मधें चौक, चारी बाजूंस मातीच्या जाड भिंतींच्या खोल्या, असें जुन्या वळणाचें घर. जत्रेचे पाहुणे धरून त्या दिवशीं बावीस माणसें पानावर होतीं. उपवासाचें पारणें झालें त्याच दुपारीं जर्मनींत म्युनिक येथें घरांतल्या नातीच्या मुलीचें बारसें व्हावयाचें होतें. पणतीचें बारसें! आजींचें वय शहाऐंशी; ऐकूं कमी येतें, म्हणून बोलणाराचे ओंठ पाहून त्या शब्द ओळखतात. त्यांस माजघरांत मोठ्या पडद्यासमोर बसविलें, व्हिडिओ कॉल लागला, पाळणा दिसला, तिकडच्या आत्याबाई बाळाच्या कानाशीं वांकल्या, आणि नेमक्या त्याच क्षणीं चित्र थिजलें. ओंठ अर्धवट उघडलेले, आवाज नाहीं. इकडे सगळे एकदम ओरडूं लागले. पुन्हां चित्र हललें तेव्हां तिकडे पेढे वाटणें चाललें होतें. “पुन्हां एकदां सांग ग,” असें तीनदां म्हणून झालें व तिन्ही वेळां शब्द तुटला. नांव मागाहून लिहून आलें, तें आजींस वाचूनही दाखविलें. पण कानांत सांगतांना ऐकलेलें नांव आणि चिठ्ठींत वाचलेलें नांव यांत अंतर आहे, हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. आजी कांहीं बोलल्या नाहींत. शालीची घडी केली आणि देवघरांत गेल्या.

मग जो तो कंपनीच्या नांवानें बोटें मोडूं लागला. पुतण्या कष्टी होऊन म्हणाला, “काकाजी, मागच्याच महिन्यांत पैसे भरून वेग दुप्पट करून घेतला. फरक म्हणून पडला नाहीं.” आम्हीं त्यास लॅपटॉप राउटरला तारेनें जोडून पाहावयास सांगितलें. तारेवर वेग पुरेपूर मिळाला! म्हणजे म्युनिकपासून चामोर्शीपर्यंतचा हजारों मैलांचा मार्ग निर्दोष. दोष होता तो कोनाड्यांतल्या राउटरपासून माजघरापर्यंतच्या दहा पावलांच्या हवेंत. तो कोणता, हें मात्र त्या रात्रीं आमच्याही लक्षांत आलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां मार्कंड्यास गेलों. माघ सरत आलेला, पात्रांत वाळू फार व पाणी थोडें. पलीकडच्या, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याच्या कांठावरून येणारी मंडळी वाळू तुडवीत येत आणि मधली खोल धार तेवढी डोंग्यानें ओलांडीत. सहज घड्याळ लावून पाहिलें. धार ओलांडावयास लागत दोन मिनिटें. पण एक डोंगा सुटल्यापासून पुढला सुटेपर्यंत जात बारा मिनिटें! उरलेलीं दहा कशांत जात? आधीं तुम्ही बसतां कीं आम्ही, पोर कोणाकडे द्यावयाचें, पलीकडून कोणी निघालें आहे काय, नावाडी हात करतो तो आपणांस कीं मागच्यास. एका खेपेस दोन डोंगे एकाच अरुंद उतारावर लागूं पाहत होते. दोघांसही मागें घ्यावें लागलें व दोघांचाही वेळ फुकट गेला. आमच्या शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, “यास मोटार बसविली पाहिजे.” आम्हीं मनांत हिशेब केला. मोटारीनें दोन मिनिटांचें एक मिनिट होईल, बाराचीं अकरा. आणि तेथेंच पुतण्याच्या दुप्पट वेगाचें रहस्य उकललें.

वाय-फाय हें बिनतारी जाळें म्हणजे वस्तुतः असाच एक उतार आहे. एका खोलींतील सर्व यंत्रांस आकाश एकच. दोघे एकदम बोलले कीं दोघांचेंही बोलणें वायां जातें. तारेवर बोलणाऱ्या यंत्रास आपलें बोलणें दुसऱ्याच्या बोलण्यावर आदळलें हें तत्क्षणीं कळूं शकतें. बिनतारी यंत्रास तें कळत नाहीं, कारण स्वतः बोलत असतां त्याचा स्वतःचाच आवाज त्याच्या कानांत इतका मोठा असतो कीं दुसऱ्याचा ऐकूं येणें शक्य नसतें. (ही अडचण केवळ यंत्रांचीच आहे असें नाहीं.) म्हणून टक्कर कळण्याऐवजीं ती टाळण्याची व्यवस्था करावी लागते, आणि पुडकें पोंचलें कीं नाहीं हें समजण्यासाठीं प्रत्येक पुडक्याची पोंच मागावी लागते.

या व्यवस्थेचा इतिहास मनोरंजक आहे. हवाई विद्यापीठांत नॉर्मन अब्रॅमसन व त्यांचे सहकारी यांनीं १९७१ सालीं बेटाबेटांवरील संगणक बिनतारी मार्गानें जोडले. त्यांचा नियम असा कीं, ज्यास बोलावयाचें त्यानें बोलावें. पोंच न आल्यास कांहीं वेळ थांबून पुन्हां बोलावें. या मोकळीकीची किंमत गणितानें निघते: एकंदर काळापैकीं जास्तींत जास्त सुमारें १८ टक्के सत्कारणीं लागतो, बाकीचा टकरांत व शांततेंत जातो. पुढें १९९७ सालीं वाय-फायचा पहिला सर्वमान्य नियमग्रंथ निघाला, त्यांत ‘आधीं ऐका, मग बोला’ हें तत्त्व आलें. आज आपल्या घरांतील प्रत्येक मोबाइल तेंच पाळतो. पण ऐकण्यास वेळ लागतो, आणि सगळी मेख त्या वेळांत आहे.

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरील एका पुडक्याचाच प्रवास पाहूं. सेकंदाचा दहालाखावा भाग तो मायक्रोसेकंद. यंत्र प्रथम ३४ मायक्रोसेकंद कान देऊन शांतता असल्याची खात्री करतें. तेवढ्यानें भागत नाहीं. इतरही तशीच खात्री करून टपलेले असतील, म्हणून प्रत्येकजण मनांतल्या मनांत ० ते १५ पैकीं एक चिठ्ठी उचलतो व तितके अंक मोजतो, प्रत्येक अंकास ९ मायक्रोसेकंद. सरासरी ६७ मायक्रोसेकंद यांत गेले. मग घसा साफ केल्यासारखी २० मायक्रोसेकंदांची प्रस्तावना. त्यानंतर खरा मजकूर: १,५०० बाइटांचें पुडकें सेकंदास ५४ मेगाबिट या वेगानें २२२ मायक्रोसेकंदांत जातें. मग १६ मायक्रोसेकंदांचा विसावा, आणि २८ मायक्रोसेकंदांची पोंच. बारीकसारीक धरून बेरीज सुमारें ३९०. म्हणजे पेटीवर ५४ छापलेलें असलें तरी पदरांत ३१ च्या आसपास पडतात, तेंही बोलणारा एकटाच असला तर. दोघांची चिठ्ठी एक निघाली कीं टक्कर. मग पुढच्या वेळीं चिठ्ठ्या ० ते ३१, त्यापुढें ० ते ६३, अशा १,०२३ पर्यंत वाढत जातात.

आतां वेग ५४ चा ६०० करा. मजकुरास २२२ ऐवजीं २० च मायक्रोसेकंद लागतील. पण कान देणें, चिठ्ठी, विसावा, पोंच हें सर्व जेथल्या तेथें. प्रस्तावना तर थोडी वाढतेच. बेरीज सुमारें २०० होते व हातीं सेकंदास ६० मेगाबिट लागतात. वेग अकरापट, लाभ दुपटीच्याही आंत! डोंग्यास मोटार बसविली, ती ही. यापुढें कितीही वेग वाढविला तरी, एक पुडकें एक पोंच हा परिपाठ चालूं आहे तोंवर, फळ जवळजवळ शून्य.

याचें उत्तर घरांतल्या कोणाही वाढणाऱ्या बाईनें दिलें असतें. पंगतींत पुरी एकेक करून स्वयंपाकघरांतून कोणी आणीत नाहीं. परात भरून आणतात. २००९ च्या नियमग्रंथानें हीच परात आणली. एकदां पाळी मिळाली कीं अनेक पुडकीं एका दमांत पाठवावीं, आणि सर्वांची मिळून एकच पोंच घ्यावी, तींत कोणतें पोंचलें व कोणतें नाहीं हें खुणेनें दाखवावें. ४० पुडकीं एकदम पाठविलीं तर त्यांस ८०० मायक्रोसेकंद लागतात, वरखर्च तोच सुमारें २००. आणि ६०० पैकीं ४८० मेगाबिट पदरांत पडतात. वेग तोच, आकाश तेंच. वाढली ती फक्त एका खेपेची भरती. बिनतारी विद्येंत इतकी साधी सुधारणा एवढी फलद्रूप झाल्याचें दुसरें उदाहरण आम्हांस चटकन् आठवत नाहीं.

परंतु परातीलाही मर्यादा आहे. सिनेमा पाहणाऱ्याचीं पुडकीं मुबलक. परात लगेच भरते. संभाषणाचें तसें नसतें. आवाज सामान्यतः वीस-वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत निघतो, तुकडे लहान, आणि परात भरण्याची वाट पाहत बसलें तर बोलणें शिळें होतें. नांव कानांत सांगितलें जात असतां तो एवढासा तुकडा पाळीची वाट पाहत दाराशीं उभा राहतो, आणि त्याच्या आधीं कोणाचा तरी सिनेमा परात घेऊन निघून जातो.

यावर २०२१ च्या नियमग्रंथानें निराळी तोड काढली. राउटरनेंच यजमान व्हावें, कोणास किती बोलावयाचें तें विचारून घ्यावें, आणि पट्ट्याचे बारीक वाटे करून कित्येकांस एकाच वेळीं आपापल्या वाट्यांत बोलूं द्यावें. २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे असे नऊ वाटे होतात. लहान तुकड्यांस ही सोय फार चांगली. तथापि विचारपूस करणें, वांटणी पुकारणें, हेंही बोलणेंच आहे व त्यासही आकाश लागतें. चार माणसांच्या घरांत यजमानानें प्रत्येक घासास ‘काय वाढूं?’ विचारीत बसावें तसें होतें. शिवाय जुनीं यंत्रें यजमानाचें ऐकतच नाहींत. आमच्या मतें ही योजना मंगल कार्यालयाची आहे, माजघराची नव्हे. कंपन्या ती माजघरास विकतात ही गोष्ट वेगळी.

याहून जवळचा शत्रु घरांतच असतो. पाळ्या सर्वांस सारख्या मिळतात, पण वेळ सारखा मिळत नाहीं. मागच्या पडवींतल्या जुन्या मोबाइलास भिंतींमुळें नीट ऐकूं येत नाहीं, म्हणून तो सेकंदास एक मेगाबिट इतक्या सावकाशीनें बोलतो. जें पुडकें ५४ च्या वेगानें २२२ मायक्रोसेकंदांत जातें त्यास त्याचे १२,००० लागतात. तेवढा वेळ सगळें घर मुकाट. पंगतींतील सर्वांत सावकाश जेवणारा उठेपर्यंत कोणीं उठूं नये हा आपला शिष्टाचार, आणि वाय-फाय तो नकळत पाळतें. २००३ सालीं फ्रान्समधील ग्रेनोब्ल येथील संशोधकांनीं ही गोष्ट मोजून दाखविली. जाड भिंतींचा आणखी एक प्रताप असा कीं, पुढील ओसरी व मागील पडवी यांस राउटर ऐकूं येतो पण एकमेकांचें ऐकूं येत नाहीं. दोघेही शांतता समजून बोलतात आणि राउटरपाशीं टक्कर होते. ‘बोलूं का?’ असें आधीं राउटरला विचारण्याची तरतूद नियमांत आहे, पण त्या प्रश्नोत्तरासही वेळ लागत असल्यानें मोठ्या पुडक्यांपुरतीच ती परवडते.

आणि दवंडीचें काय? प्रत्येक राउटर ‘मी अमुक’ अशी आपल्या नांवाची दवंडी सेकंदास सुमारें दहा वेळां पिटतो, आणि जुन्यांतल्या जुन्या यंत्रासही समजावी म्हणून ती पुष्कळ वेळां सर्वांत संथ वेगानें. अशा एका दवंडीस सुमारें दोन मिलिसेकंद लागतात. एकटा असतां हें कांहींच नव्हे; पण जत्रेंत दुकानादुकानांतून अशीं वीस नांवें एकाच पट्ट्यावर असलीं तर दर १०२ मिलिसेकंदांपैकीं चाळीस केवळ दवंड्यांत जातात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा केंद्र सरकारनें २००५ सालीं परवानामुक्त केला. त्यांत एकमेकांस न भिडणाऱ्या जागा तीनच, १, ६ आणि ११. परवाना नाहीं म्हणजे पाळी ठरवून देणारा कोतवालही नाहीं. हें वरदान आहे असेंच आम्ही म्हणतों, कारण त्यामुळेंच वाय-फाय घरोघर गेलें. पण कोतवाल नसतां वागावें कसें हें मग शेजाऱ्यांनींच ठरवावें लागतें.

उतारावर बसल्याबसल्या पलीकडच्या कांठाकडे पाहून मनांत आलें कीं, या जंगलमुलखांत गांवागांवांत दहा-वीस किलोमीटरांचें अंतर. तेथें हीच विद्या लांब पल्ल्यास लाविली तर? प्रश्न नवा नाहीं. कानपूरच्या आय. आय. टी.नें गंगेच्या मैदानांतील खेड्यांस मनोऱ्यांवरून वाय-फायनेंच जोडण्याचा प्रयोग केला होता. तेथें असें दिसलें कीं, दहा पावलांकरितां बांधलेले नियम दहा कोसांवर कोलमडतात. बिनतारी लहरीस एक किलोमीटर जावयास ३.३ मायक्रोसेकंद लागतात, वीस किलोमीटरांस ६७, परत येण्यास तितकेच. पोंच येईल तोंवर पाठविणारा वाट पाहून थकतो व पुडकें हरवलें असें समजून पुन्हां पाठवितो. भास्करन् रामन् व कामेश्वरी चेब्रोलु या दोघां अध्यापकांनीं २००५ सालीं यावर नवा नियम मांडला: ऐकणेंच सोडून द्यावें. मनोऱ्यावरील सर्व दिशांच्या यंत्रांनीं एकदम बोलावें, मग सर्वांनीं एकदम ऐकावें. मनोऱ्यांनीं आपसांत आळीपाळी धरावी. तशांत चिठ्ठी उचलणें नाहीं, पुडक्यामागें पुडक्याची पोंचही नाहीं. किती पोंचलीं याची वार्ता पुढल्या पाळींत मजकुराबरोबरच जाते. हेच अध्यापक पुढें मुंबईस पवईच्या आय. आय. टी.त आले व ग्रामीण भागाकरितां तेथें तोच विचार त्यांनीं पुढें नेला. कोण कोठें आहे हें ठाऊक असून तो जागचा हलत नसेल तर पाळी आधींच ठरविणें शहाणपणाचें. माणसें येत-जात असतील तर चिठ्ठीच बरी. मनोरे हलत नाहींत. बावीस माणसांच्या घराविषयीं असें म्हणतां येत नाहीं.

दुपारीं परत आलों तों पुतण्या नवा, अधिक वेगवान राउटर मागविण्याच्या बेतांत. त्यास थांबविलें. प्रथम दोन्ही टीव्ही तारेनें जोडले. जें यंत्र जागचें हलत नाहीं त्यानें आकाशांत गर्दी कशाला करावी? मागच्या पडवीकरितां घेतलेला, ऐकलेलें पुन्हां ओरडून सांगणारा पुनरुच्चारक काढून टाकला, कारण तो प्रत्येक शब्द आकाशांत दोनदां बोलतो. त्याऐवजीं कपाटांत पडलेला जुना राउटर चौकाच्या तुळईवरून तार ओढून तेथें लाविला व त्यास निराळा पट्टा दिला. पाहुण्यांकरितां, मुलांकरितां, कॅमेऱ्याकरितां अशीं काढलेलीं चार नांवें होतीं, दोन ठेविलीं. सर्वांत संथ वेग बंद केले, त्यानें दवंड्याही आटोपशीर झाल्या. एक फार जुना मोबाइल मात्र कायमचा बाहेर पडला. तो मावसबंधूंचाच होता, आणि त्याबद्दल त्यांचा आमच्यावर अद्यापि थोडा राग आहे. एकंदर खर्च तारेचा व खिळ्यांचा.

सायंकाळीं म्युनिकास पुन्हां फोन लाविला. तिकडे दुपार होती. आत्याबाई अजून तेथेंच होत्या. घरांत माणसें बावीसच, मोबाइल जवळजवळ तितकेच, आणि मुलांस मुद्दामच कांहीं मना केलें नाहीं. चित्र एकदां किंचित् अडखळलें व पुढें चाललें. आत्याबाईंनीं बाळास मांडीवर घेतलें, कानाशीं वांकून तोंड पडद्याकडे ठेवून नांव सांगितलें. आजींनीं ओंठ पाहिले, मग म्हणाल्या, “पुन्हां म्हण.” त्यांनीं पुन्हां म्हटलें. “हें तर माझ्या सासूबाईंचें नांव,” असें म्हणून आजींनीं शाल सांवरली, आणि घरांतल्या दोघी सुना एकमेकींकडे पाहूं लागल्या, कारण चिठ्ठींत तेंच नांव त्यांनीं आदल्या दिवशीं तीनदां वाचून दाखविलें होतें.